पाच वाट्या तांदूळ

चौकट लोळली आणि वनिताच्या हातातला खडू फळ्यावर टेकायचा राहून गेला.

चौकट लोळण्यासाठीच केली होती. गोदामाच्या खोक्यांतून निघालेल्या लाकडाच्या चार पट्ट्या, दोन लांब, दोन आखूड, आणि कोपऱ्यांना लूमच्या भंगारातले नट-बोल्ट. तीन पट्ट्यांचा त्रिकोण काही केल्या हलत नाही, चार पट्ट्यांची चौकट मात्र बोट लावताच कलंडते, म्हणून छपराच्या कैच्या त्रिकोणी असतात. शनिवारच्या वर्गात तिला इतकंच दाखवायचं होतं. पण चौकट सतरंजीवरून हातोहात फिरत शेवंताकडे गेली. शेवंता काल्हेरच्या गोदामात पॅकिंगला जायची. वर्षभरापूर्वी गुणाकार शिकायला म्हणून आली आणि कोड्यांच्या नादाला लागली. तिने चौकट सरळ धरली, मग हळूहळू कलती करत पार चपटी केली.

"बाई, गंमत बघा. पट्ट्या तेवढ्याच, पण आतली जागा गेली की सगळी."

पोरी हसल्या. वनिताला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर गुरुवारी पाहिलेला कागद आला होता.

कागद केसरीनाथकाकांचा होता. वळ गावात, रस्ता आणि ओढा यांच्या मधोमध, त्यांचं आणि त्यांच्या मयत धाकट्या भावाचं मिळून एकरभर सामाईक शेत होतं. भाऊ रघुनाथ गेला त्याला तीन वर्षं झाली होती. त्याची बायको हौसा आणि मुलगा हितेश यांना आता आपला वाटा वेगळा हवा होता. आजूबाजूला भाताची खाचरं भरून गोदामं उठत होती आणि हितेशकडे एक पार्टी रोज फोन करत होती. केसरीनाथकाकांनी स्वतः दोरी धरून शेताचे दोन वाटे पाडले. आणि मोठ्या कौतुकाने कागद घेऊन ते वनिताकडे आले.

"तू गणितवाली. बघ, आकडं बरोबर हात का."

दोन्ही वाट्यांना रस्त्याकडून एकशेवीस फूट, ओढ्याकडून एकशेवीस फूट, उभ्या बाजू दोनशे-दोनशे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणायचं, असंच गावात सगळे मोजत. आणि केसरीनाथकाकांइतकं चोख कोणी मोजत नाही, असंही सगळे म्हणत. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांचे वाटे त्यांनीच पाडलेले. वनिताने गुणाकार तपासला. दोनदा तपासला. चोवीस हजार आणि चोवीस हजार. खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही केली.

आकडे तपासले होते. आकार विचारलाच नव्हता.

आणि आकार तर ती चार वर्षं रोज बघत होती. ती ज्या कोठारात वर्ग घ्यायची, ते शेताच्या मधोमध, दोन वाट्यांच्या हद्दीला अगदी भिंत चिकटवून उभं होतं. पश्चिमेचा वाटा पाटासारखा सरळ. पण हद्दीच्या दगडापाशी रस्ता वळायचा, मागचा ओढाही तसाच वळायचा, आणि पूर्वेचा वाटा लोळलेल्या चौकटीसारखा एका अंगाला कललेला होता.

"बाई, पुढं?" शेवंताने विचारलं.

"आज इथेच थांबू," वनिता म्हणाली.

सगळे गेल्यावर तिने भिंतीवरचा लाकडी गुण्या काढला. पुरुषभर उंचीचा हा काटकोन तिच्या वडिलांनी मुलांना दाखवायला केला होता. भिवंडीच्या ज्या कॉलेजात ती प्रयोगशाळेत कामाला होती, तिथली टेप पिशवीत होतीच. हद्दीवर गुण्या ठेवून ती पूर्वेच्या वाट्यात काटकोनात चालत गेली. रस्त्याच्या कडेने मोजलं तर एकशेवीस फूट भरत होते हे खरं, पण ते तिरके एकशेवीस. पलीकडच्या बांधापर्यंत सरळ अंतर शहाण्णव. तिने पुन्हा मोजलं. शहाण्णव. तिसऱ्यांदा शहाण्णव आणि बोटभर.

शहाण्णव गुणिले दोनशे. एकोणीस हजार दोनशे. एका वाट्यात चोवीस हजार, दुसऱ्यात त्याहून पाचवा हिस्सा कमी.

"काय मॅडम, आज शेतात प्रॅक्टिकल?"

हितेश मोटरसायकलवरूनच बोलत होता. एक पाय रस्त्यावर, एक बांधावर. वनिताने टेप गुंडाळली.

"सहज. तुम्ही उद्या कोणता वाटा उचलणार?"

"हा काय, हाच. वळणावरचा. ट्रक वळायला मस्त जागा आहे. पार्टीपण हाच बोलली." तो हसला. "तुमचं टेन्शन गेलं ना? तो सरळवाला घेतला असता तर पहिलं काम तुमचं खेळण्यांचं दुकान तोडणं. मधोमध बसलंय साला, गोदाम कसं घालायचं? आता ते काकाच्या वाट्याला. काका काय तोडणार नाय. आजीला शब्द दिलाय त्याने."

"आकडे बघितलेत तुम्ही?"

"मी कशाला बघू? तुम्हीच सही मारलीय ना." त्याने किक मारली. "तुमच्या सहीवर तर आई तयार झाली. नायतर ती रोज बोलायची, सरकारी मोजणी आधी करू."

धूळ खाली बसली तरी वनिता तिथेच उभी होती. सगळं तिच्याच ओंजळीत येऊन पडलं होतं. ती गप्प राहिली तर उद्या हौसाकाकी तिरका वाटा उचलतील, कोठार काकांकडे राहील आणि वर्ग चालू राहील. बोलली तर हितेश सरळ वाटा मागेल, आणि पहिलं काम कोठार पाडण्याचं. सरकारी मोजणी पुढे होईल तेव्हा कमीजास्त निघेलही, पण त्याला मग अर्थ नव्हता. गावची रीत जुनी होती. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. धाकट्याने पसंतीच्या वाट्यातलं मातीचं ढेकूळ उचलून कपाळाला लावायचं. एकदा लावलेलं ढेकूळ आजवर कोणी खाली ठेवलेलं नव्हतं.

वनिताचं घर बुद्धवाड्यात, विहाराच्या मागे. ती आली तेव्हा तिचे वडील दत्तू ओट्यावर बसून एका कोड्याच्या तुकड्यांना कानस मारत होते. निजामपुऱ्यात तीस वर्षं त्यांनी लूम दुरुस्त करण्यात घालवली, जॉबर म्हणून. कान अधू झाले होते, बोटं मात्र अजून केसाचा फरक सांगत. वर्गातली सगळी साधनं त्यांच्याच हातची.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तुकडा डोळ्यासमोर धरला, फुंकला.

"कोणी विचारलंय तुला?"

"सही माझी आहे, बाबा."

"सही गुणाकाराखाली आहे. गुणाकार चुकला का?"

"नाही."

"मग झालं तर. भाऊबंदांची वाटणी, त्यात बाहेरच्या माणसाने बोलू नये. त्यात आपण तर आणखी बाहेरचे." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "केसरीनाथने ते कोठार तुला दिलं, तेव्हा त्याच्या घरातले काय काय बोलले ते मी ऐकलंय. बहिरा आहे म्हणून माझ्यासमोरच बोलत होते. त्या माणसाने कोणाचं ऐकलं नाही. त्यालाच तू चार लोकांत खोटा पाडणार? आणि कोणासाठी? हितेशसाठी?"

"हौसाकाकींसाठी. त्यांना काकांपेक्षा पाचवा हिस्सा कमी जातोय."

"आणि तुझं कोठार गेलं तर? वीस पोरं-बाया कुठे बसवणार, माझ्या डोक्यावर?"

ती आलेखाचा कागद घेऊन बसली. दोन्ही वाटे सारखे करायचे तर हद्द पश्चिमेकडे सरकवायची, बारा फूट. कोठार हद्दीपासून पश्चिमेला वीस फूट रुंद. बारा फूट म्हणजे रेघ कोठाराच्या पोटातून जाणार. तिने रेघ जरा कलती काढून पाहिली. रस्त्याकडे कमी सरकवली की ओढ्याकडे तेवढी जास्त सरकवावी लागे, आणि मधोमध पुन्हा बाराच. उलट्या बाजूने कलती केली. मधोमध बाराच. कोठार नेमकं मधोमध होतं. सरळ रेघ ओढायची तर त्यातून सुटका नव्हती, आणि वाकडी हद्द कोणताच पंच मान्य करणार नव्हता.

दत्तू तिच्या पेन्सिलीकडे बघत होते.

"आधी त्याला जाऊन सांग," ते शेवटी म्हणाले. "केसरीनाथला. लोकांत नंतर."

दिवेलागणीला केसरीनाथकाका अंगणात झोपाळ्यावर बसले होते. उद्यासाठी आणलेला नारळ, हळद, कुंकू सुपात होतं. वनिताने उभ्यानेच सांगितलं. ती सांगत गेली तसा झोपाळा थांबला.

"मंग मी चोर हाय?"

"नाही काका. चूक आहे. तुमची तशी माझीही."

"दोरी मी धरली. या हातांनी. माझ्या रघूच्या पोराला कमी जाईल असं मी मोजीन?"

"दोरी बरोबर होती. पण नुसत्या बाजू मोजून—"

"वीस वरसं मोजतंय मी!" आवाज चढला तशी आतून कोणीतरी डोकावलं. केसरीनाथांनी पाय जमिनीवर टेकवले, आणि बोलले तेव्हा आवाज इतका खाली आला होता की वनिताला पुढे व्हावं लागलं. "हे बघ. मागं कुजबूज मना चालत न्हाय. सांगायचं तर उद्या सांग, पंचांसमोर सांग. आणि येताना कोठाराची किल्ली घेऊन ये."

ती परतली तेव्हा दत्तूंनी पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. काही न विचारता त्यांनी करवत हातात घेतली.

"माप बोल."

"चोवीस आणि चाळीस सेंटिमीटर. पाच फुटाला एक. उंची एक."

"नीट बोल. एक पट्टी केसभर जास्त झाली तर तो हितेश तीच धरून बसेल."

रविवारी सकाळी नऊ वाजता हद्दीच्या दगडापाशी माणसं जमली. पंच म्हणून महादूबाबा आले होते, सत्तरी उलटलेले, काठी टेकत. केसरीनाथ पांढऱ्या सदऱ्यात, कोणाकडे न बघता उभे. हौसाकाकी डोक्यावरून पदर घेऊन, त्यांच्यामागे हितेश, मोबाइल कानाला. भाऊबंदांतली दहा-बारा माणसं. वनिता आणि दत्तू रस्त्याच्या कडेला थांबले. वनिताच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या मुठीत किल्ली. किल्लीचे दात तळव्यात रुतत होते.

नारळ फुटला. दगडाला हळद लागली. महादूबाबांनी घसा साफ केला.

"थोरल्यानं वाटे पाडलेत. दोन्ही सारखे, असं त्याचं म्हणनं. हौसा, रघूच्या जागी तू. उचल."

हौसाकाकी पूर्वेच्या वाट्यात चार पावलं गेल्या आणि वाकल्या. वनिता केसरीनाथांकडे बघत होती. त्यांनी एकदाच मान वर केली. नजर सरळ तिच्यावर होती. तो राग होता की आव्हान, तिला कळलं नाही.

"काकी, थांबा," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. "काकी! उचलू नका."

सगळी डोकी वळली.

"ही कोण आता मधेच?" भाऊबंदांतला एक जण म्हणाला.

"कोठारातली मॅडम," दुसरा म्हणाला. "घरच्या वाटणीत हिचं काय?"

"दोन वाटे सारखे नाहीत," वनिता म्हणाली. "तुम्ही उचलताय तो कमी आहे. पाचवा हिस्सा कमी."

हितेशने मोबाइल खाली घेतला. "ओ मॅडम. गुरुवारी बरोबर, आज चूक? सही कोणाची आहे?"

"माझी. मी फक्त गुणाकार बघितला. चूक माझी आहे."

"का काकाने खोली काढून घेतली म्हणून नवीन गणित?"

"खोली मीच अजून काढून घेतली न्हाय," केसरीनाथ म्हणाले. पहिल्यांदाच बोलले. "महादू, बोलू दे तिला. माझ्या दोरीवर बोट ठेवलंय, तर समद्यांना बघू दे."

महादूबाबांनी काठीने जागा दाखवली. वनिताने पिशवीतून फळी काढून जमिनीवर सपाट ठेवली. फळीवर चिकटवलेल्या कागदावर दोन्ही वाट्यांचे आकार काढले होते. त्यातल्या सरळ आकृतीवर तिने नवी चौकट ठेवली.

"ही एकशेवीस फुटांची बाजू, ही दोनशेची. काकी, या पिशवीत तांदूळ आहेत, ही वाटी. तुम्हीच भरा."

हौसाकाकी बसल्या. एक वाटी, दोन, तीन. भात पाखडलेला हात होता तो. पाचव्या वाटीला तांदूळ पट्ट्यांच्या काठाला लागले. वनिताने वरून फूटपट्टी फिरवली. एक दाणा पडला नाही, एक खड्डा राहिला नाही.

"पाच वाट्या," ती म्हणाली. "हा सरळ वाटा. आता चौकटीच्या बाजू त्याच ठेवून, शेत जितकं तिरकं आहे तितकीच चौकट तिरकी करायची." तिने भरलेली चौकट फळीवरून अलगद सरकवत दुसऱ्या आकृतीजवळ नेली. "या रेघांवर बसेपर्यंत ढकला. जास्त नको."

"ही रेघ तू काढलीस," हितेश म्हणाला. "कशावरून शेत एवढंच तिरकं?"

"गुण्या तिथे ठेवलाय, टेप ही. हद्दीपासून पलीकडच्या बांधापर्यंत काटकोनात शहाण्णव फूट भरतात. मोजून या."

हितेश गेला. सोबत दोघं गेले. बाकीचे तसेच उभे राहिले. रस्त्यावरून एक कंटेनर वळला आणि फळीवरचे तांदूळ किंचित शहारले. वनिताने दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली. पलीकडच्या बांधावरून हितेशची हाक आली नाही. तो परत चालत आला, टेप वनिताच्या समोर टाकली, आणि म्हणाला, "ढकल, आई."

हौसाकाकींनी कोपऱ्याला बोट लावलं. चौकट कलली. मधोमध तांदूळ फुगून वर आले, आणि पट्ट्यांच्या काठांवरून ओघळून फळीवर सांडू लागले. चौकट रेघेवर बसली. वनिताने पुन्हा फूटपट्टी फिरवली. जेवढे बाहेर पडले ते गोळा करून वाटीत भरले. वाटी काठोकाठ भरली.

हौसाकाकी त्या वाटीकडे बघत राहिल्या.

"पट्ट्या तर त्याच हात," महादूबाबा पुटपुटले.

"परत कर," केसरीनाथ म्हणाले. "मी करतंय."

ते गुडघे मोडून बसले. पांढऱ्या सदऱ्याला माती लागली. त्यांनी चौकट सरळ केली, सगळे तांदूळ पुन्हा भरले, स्वतःच्या तळहाताने सपाट केले, आणि ढकलली. पुन्हा तेच. वाटी भरली तेव्हा त्यांनी ती उचलून हाताने तोलून बघितली, जशी काही वजनाने खोटी ठरेल.

"आई, सरळवाला उचल," हितेश म्हणाला. "अजून ढेकूळ उचललेलं नाय. जा."

वनिताच्या मुठीतली किल्ली घामाने ओली झाली होती. हेच होणार हे तिला कालपासून माहीत होतं.

हौसाकाकी उठल्या. त्या पश्चिमेकडे वळल्या, आणि केसरीनाथ आडवे आले.

"थांब, हौसा. थोरल्यानं सारखे पाडायचे, मंग धाकट्यानं उचलायचा. मी सारखे पाडलेच न्हाईत. वाटे अजून पडले न्हाईत." ते महादूबाबांकडे वळले. "बरोबर का, पंच?"

महादूबाबांनी एकदा वाटीकडे, एकदा दगडाकडे बघितलं. "बरोबर हाय," ते म्हणाले.

हितेश काही बोलणार होता. हौसाकाकींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

केसरीनाथांनी वाकून हळद लागलेला दगड दोन्ही हातांनी हलवला. तो निघेना. दत्तू पुढे झाले, दुसऱ्या बाजूने धरला. दोघांनी मिळून उपटला.

"किती सरकवायचा?" केसरीनाथांनी विचारलं.

"बारा फूट," वनिता म्हणाली. "पश्चिमेला. दोन्ही टोकांना बारा."

त्यांनी स्वतः मोजलं. रस्त्याकडे खुंटी ठोकली, ओढ्याकडे ठोकली, दोरी बांधली आणि ताणली. दोरी उचलली गेली आणि कोठाराच्या भिंतीला अडली. दार उघडून ती आतून न्यावी लागली. दाराच्या डाव्या बाहीला घासून ती आत शिरली, सतरंजीवरून, फळ्याच्या पुढून, आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडली. केसरीनाथ उंबऱ्यावर दोरी धरून उभे राहिले. एका बाजूला बारा फूट, एका बाजूला आठ.

"तुला ठाऊक होतं? ही इथून जाईल?"

"हो."

"काल बोलली न्हाईस ते."

"काल तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू नव्हतं ते. त्यांनी दोरी सोडली आणि बाजूला झाले. "हौसा. आता सारखे हात. उचल."

हौसाकाकी दोरीपाशी थांबल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पूर्वेच्या वाट्यात, दोरीला लागूनच वाकल्या, मुठीएवढं ढेकूळ उचललं आणि कपाळाला लावलं. त्याची माती त्यांच्या भुवयांवर सांडली.

"वळणावरचाच बरा," त्या म्हणाल्या.

"चला," हितेश म्हणाला. "आपल्याकडचा कोठाराचा भाग मी उद्याच पाडून घेतो. पार्टी—"

"पोरांच्या परीक्षा कधी हात गो?" हौसाकाकींनी वनिताला विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"मंग एप्रिल झाल्यावर. आणि विटा तिच्या."

"विटा कशाला? दोन ट्रॉल्या निघतील, आई!"

"एक वाटी तांदूळ माझ्या पदरात घातलेत तिनं. विटा तिच्या. मधली भिंत कशानं बांधेल ती, तुझ्या मोबाइलनं?"

भाऊबंदांत कोणीतरी खुसखुसलं. हितेशने मोटरसायकलकडे मोर्चा वळवला. माणसं पांगू लागली. महादूबाबा मात्र जागचे हलले नव्हते. ते फळीजवळ काठी टेकून उभे होते, काठीच्या टोकाने कललेल्या चौकटीचा कोपरा पुढे-मागे करत.

"केसरी," ते म्हणाले, "माझा मळा पन तूच वाटला होतास. सात वरसं झाली. माझा ओढ्याकडचा तुकडा असाच हाय. तिरका."

हळदीचा दगड अजून जागेवर रोवायचा होता, केसरीनाथ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझाच न्हाय, महादू. मोजायला बसलो तर लई निघतील."

महादूबाबा काठी उचलून चालू लागले. रस्त्याच्या कडेला जाऊन एकदा थांबले, मागे न बघता पुन्हा चालू लागले.

वनिताने किल्ली पुढे केली. तळव्यावर किल्लीच्या दातांचे वळ उठले होते.

"काका, ही."

"काय करू तिचं?"

"तुम्ही आणायला सांगितलं होतंत."

"आठ फुटाला कुलूप लागत न्हाय का?" ते दगड उचलायला वाकले. वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "ती चौकट कोनाला देऊ नको. माझ्याकडं जुने कागद हात. वीस वरसांचे. उद्या सांजेला आणतंय. पोरं गेल्यावर." जरा थांबून म्हणाले, "न्हाय, असू दे. पोरं असतानाच."

सगळे गेल्यावर वनिता कोठारात गेली. जमिनीवर दोरीची रेघ राहिली होती, फिकट, सतरंजीवर धूळ उठलेली. दत्तू दारात बसून सांडलेले तांदूळ निवडून पिशवीत भरत होते.

"आठ बाय तीस," ती म्हणाली. "फळा त्या टोकाला. सतरंजी उभी अंथरायची. वीस जण, दोघांची एक रांग, दहा रांगा. साधनं भिंतीला टांगायची."

"मावतील?"

"मावायला हवेत."

तिने टेप काढली, पश्चिमेच्या भिंतीला लावली आणि रेघेपर्यंत ओढली. आठ फूट भरले. ती थांबली, टेप खाली ठेवली, आणि बाहेर जाऊन शेतातला गुण्या घेऊन आली.